सरोजाक्काची हाक

सरोजाक्कानं मला शनीची कडी दाखवली, गुरूचे चार चंद्र दाखवले, पहाटेचा धूमकेतू दाखवला. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला, दूध टाकणाऱ्याला, समोरच्या बंगल्यातल्या कायम चिडलेल्या निवृत्त कर्नलला, इतकंच काय, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिनं हाताला धरून काही ना काही दाखवलं. पण जिला दाखवायची तिला खरी तळमळ होती, ती ग्रहण लागलं की तळमजल्यावर दार-खिडक्या लावून आत बसायची. ती तिची सख्खी थोरली बहीण इंदिराबाई, म्हणजे माझी घरमालकीण. इंदिराबाईंनी आयुष्यात एकदा तरी बाहेर येऊन ग्रहण बघावं, एवढाच सरोजाक्काचा हट्ट. सहा वर्षं मी तो हट्ट जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघितला. कधी हसले, कधी वैतागले, आणि शेवटी गाडी चालवायची वेळ माझ्यावरच आली.

मी पुण्याहून बंगळुरूला आले ती बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हे माझं काम. स्वभाव मुळातच तसा, त्यामुळे शिकावं फार लागलं नाही. खोली मिळाली जे. पी. नगरमध्ये. ऑफिस नकाशावर जवळ आणि रस्त्यावर दोन तास. खोली गच्चीवर होती आणि करारात गच्ची माझी होती. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी दमूनभागून वर आले, तर माझ्या गच्चीवर, माझ्या दोरीवरचे कपडे एका बाजूला सारून, एक ठेंगणी बाई सांडपाण्याच्या जाड पाइपाला डोळा लावून उभी. माझं टाळकंच सरकलं.

"अहो, ही गच्ची माझी आहे," मी म्हटलं.

"हो की," ती डोळा न काढता म्हणाली. "आभाळ कुणाचं आहे? स्वल्प थांब तिथंच. तू चाललीस की स्लॅब हलतो."

मी मुकाट्यानं थांबले. का थांबले ते आजही कळत नाही. मग ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "आता ये. बघ आणि काय दिसलं ते सांग. काय असतं ते मला ठाऊक आहे, तुला काय दिसलं ते सांग."

मी बघितलं. "कढई," मी म्हटलं. "बारकी, पिवळी. दोन कान असलेली कढई."

तिनं टाळी वाजवली. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी एक वही काढली आणि टॉर्चवर लाल कागद धरून लिहिलं, 'कानवाली कढई. वरच्या खोलीतली पुण्याची मुलगी. आभाळ स्वच्छ.' मग म्हणाली, "तो शनी. ते कान म्हणजे त्याची कडी." मी परत डोळा लावला आणि अंगावर सरसरून काटा आला. शाळेच्या पुस्तकात शंभरदा बघितलेली ती गोष्ट खरोखरच तिथं वर होती, ह्या क्षणी, माझ्या दोरीवरच्या टॉवेलांच्या वर. भांडायचं होतं ते राहूनच गेलं.

तिला मी दोन-तीन दिवस 'अहो अक्का' म्हणत होते. चौथ्या दिवशी ती वैतागली. "अक्का म्हणतेस आणि वर अहो म्हणतेस. एक काहीतरी धर." मी अक्का धरलं.

दोघी बहिणी खालीच राहायच्या. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. पुण्याशी संबंध शून्य. घरात मराठी, दारात कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हीची मिसळ. सरोजाक्का मुलींच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अटेंडर होती. साडेतीन दशकं भिंगं पुसणं, तारा जोडून देणं, फुटलेल्या परीक्षानळ्या गोळा करणं. शिकवायला कुणी दिलं नाही, पण नव्या आलेल्या मास्तरणी प्रयोग लागेना की हळूच तिच्याकडेच यायच्या. तिथंच, कॉलेज सुटल्यावर, तिनं काचेची जाड तबकडी दुसऱ्या काचेवर घासून-घासून दुर्बिणीचा आरसा केला. सात महिने लागले. "हातानं?" मी विचारलं. "मग पायानं?" ती म्हणाली. नळी सांडपाण्याच्या पाइपाची, बैठक फुटक्या कॅरम बोर्डाची, आणि डोळ्याला लावायची भिंगं ठेवायला आईचा कुंकवाचा करंडा. करंड्यातून ती भिंग असं काढायची की बघणाऱ्याला वाटावं आता आपल्याला कुंकू लावणार.

तिच्या रीती ठरलेल्या. गच्चीत चपला काढायच्या. मोबाइल खिशात, आधी डोळ्यानं बघायचं, फोटो काढणाऱ्याला रांगेत शेवटी. शुक्र दिसला की "आली बघ नटून" म्हणायचं. रस्त्यावरच्या दिव्याला रोज एक शिवी. आणि ढग आला की मला हुकूम: "चहा ठेव, चहा होईपर्यंत ढग जातो." ह्यावर तिची इतकी श्रद्धा होती की एका रात्री मी सात वेळा चहा केला. ढग सातव्या चहालाही हलला नाही, पण कर्नलसाहेब वर येऊन तीन कप पिऊन गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी त्यांच्या फाटकावरचा मोठा दिवा रात्री मालवायला सुरुवात केली.

मी राहायला आले त्याच वर्षी डिसेंबरात सूर्यग्रहण होतं, सकाळचं. नाष्ट्याची वेळ, आणि आमची गल्ली ओस. इडलीची गाडी नाही, भाजीवाला नाही, दुकानांची शटरं खाली. इंदिराबाईंनी आदल्या रात्रीच लोणच्याच्या बरण्यांवर, पाण्याच्या हंड्यात दर्भ टाकले होते. सकाळी त्या पुढच्या खोलीत गेल्या, दार लावलं, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबले.

सरोजाक्का मात्र उजाडल्यापासून रस्त्यावर. हातात स्वयंपाकघरातली चाळणी. ग्रहण लागलं तशी तिनं चाळणी उन्हात धरली, आणि डांबरावर चाळणीच्या प्रत्येक भोकातून एकेक सूर्याची कोर पडली. शेकडो कोरी. इस्त्रीवाला आधी लांब उभा होता, मग हळूहळू जवळ आला, मग बसलाच खाली. मी चाळणी धरली, तिनं दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला. आमच्या दोघींचा आनंद अंगात मावत नव्हता. मला तर ऑफिसला जायचं आहे ह्याचाही विसर पडला.

आणि मध्येच ती मला तसंच सोडून पळत घराकडे जायची. लावलेल्या खिडकीशी तोंड नेऊन ओरडायची, "अक्का, पाव गेला." पाच-दहा मिनिटांनी परत, "अक्का, अर्धा गेला. ऊन बघ कसं पिवळट पडलंय." मग, "अक्का, नुसती बांगडीएवढी कड राहिलीय." आतून हूं की चूं नाही. ग्रहण सुटलं. इंदिराबाई न्हाऊन, ओल्या केसांनी बाहेर आल्या, "आयतु? झालं?" एवढंच विचारलं आणि चूल पेटवायला गेल्या.

माझी जीभ कुठं गप्प बसते. जिन्यावर मी सरोजाक्काला म्हटलं, "इंदिराबाईंसारख्या शिकलेल्या बाईनं इतकं अडाण्यासारखं वागायचं म्हणजे कमालच."

सरोजाक्का थांबली. "तोंड सांभाळ," ती म्हणाली. मग पायरीवर बसली, मलाही बसवलं आणि सांगितलं.

ती सतरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. असंच सूर्यग्रहण होतं, दुपारचं, मोठं. इंदिराबाई पहिलटकरीण, सातवा महिना, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या. घरात सगळे दारं लावून बसलेले. सरोजाक्का नजर चुकवून परसात गेली. परसात होंगेचं झाड होतं, म्हणजे करंज. त्याच्या पानांच्या फटींतून जमिनीवर हजारो कोरी पडल्या होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. "मला ते एकटीला बघवेना गं," ती म्हणाली. "मी मागच्या दारातून हाक मारली, अक्का, ये बेगा, लवकर, बघ काय पडलंय. ती आली. दहा मिनिटं उभी राहिली. तिच्या पोटावर, लुगड्यावर सगळीकडे कोरी. आणि सात आठवड्यांनी मूल झालं ते गेलेलंच. मुलगा होता."

"पण त्याचा आणि ग्रहणाचा..."

"मला सांगतेस? फिजिक्सच्या खोलीत जन्म गेला माझा," ती म्हणाली. "घरात सगळ्यांनी तिला विचारलं, बाहेर कुणी बोलावलं होतं? ती म्हणाली, मीच गेले. माझं नाव घेतलं नाही. आजतागायत नाही. आणि तेव्हापासून ग्रहण आलं की आत बसते. आता तूच सांग, ती कुणामुळे आत बसते?"

मी तिच्याजवळ सरकले.

"तिनं एकदा बघायला पाहिजे. बघेल, काही होणार नाही, आणि तिला कळेल की तेव्हाही त्यानं काही झालं नव्हतं. मग मी सुटले."

त्या दिवसापासून ही मोहीम माझीही झाली. इंदिराबाई पुढं मुलाबाळाच्या झाल्या, एक मुलगा हुबळीला चांगल्या नोकरीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बाई बोलायला गोड, हाताला चव. पण ग्रहण म्हटलं की दार बंद. सरोजाक्कानं ठरवलं, एकदम ग्रहणावर उडी नको, पायरी-पायरीनं घेऊ.

टाळेबंदीच्या वर्षी, डिसेंबरात, गुरू आणि शनी आभाळात इतके जवळ आले की दुर्बिणीत एकाच वेळी दोघं मावले. असं परत बघायला आपण कुणी नसणार, सरोजाक्का दिवसातून दहा वेळा म्हणत होती. संध्याकाळी मी दुर्बिणीशी होते, तर जिन्यावर गुडघे धरत, तोंडाला मास्क लावून साक्षात इंदिराबाई. सरोजाक्काच्या हातातला करंडा पडता पडता राहिला. इंदिराबाईंनी डोळा लावला. "मोठा दिवा आणि लहान दिवा," त्या म्हणाल्या. "लहान्याला पदर आहे." सरोजाक्कानं दोन्ही वाक्यं वहीत उतरवली आणि खाली दोन रेघा मारल्या.

नंतर एका एप्रिलात शून्य सावलीचा दिवस. बंगळुरूत वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. सरोजाक्कानं रस्त्याच्या मधोमध पितळेचा लोटा, बाटली, पाट्याचा वरवंटा असं सगळं उभं मांडलं. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आला. तिनं त्यालाच उतरवून उन्हात उभा केला. "सावली शोध तुझी." तो स्वतःभोवती दोनदा फिरला. त्याची प्रवासी बाई पण उतरली. पाच मिनिटं आख्खी गल्ली आपापली सावली शोधत होती आणि खुळ्यासारखी हसत होती. इंदिराबाई फाटकापर्यंत आल्या, लोट्याकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं. "गेली की खरंच," म्हणाल्या, आणि सगळ्यांना ताक दिलं.

"बघितलंस?" सरोजाक्का रात्री मला म्हणाली. "गुरू-शनी झालं. सावली झाली. आता ग्रहणच राहिलं." मलाही तसंच वाटलं. मी चुका शोधणारी बाई, पण तिच्या ह्या हिशेबातली चूक मला दिसली नाही.

धूमकेतूची पहाट तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा सरता सरता तो आला, पूर्वेला, सूर्योदयाच्या आधी, क्षितिजालगत. आणि आमच्या पूर्वेला तोवर चौदा मजली इमारत उभी राहिलेली. तीन पहाटा ढगात गेल्या. चौथ्या पहाटे आभाळ स्वच्छ आणि समोर ही भिंत. सरोजाक्कानं दुर्बीण सोडली, गळ्यात द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, अडकवली आणि मला ओढत त्या इमारतीच्या फाटकावर नेलं. रखवालदार सोडेना. मी म्हटलं, पाण्याच्या टाकीची तक्रार आहे, बघायला आलोय. पहाटे पाच वाजता, एक बाई नाइट ड्रेसमध्ये आणि एक नऊवारीसारखा काष्टा मारलेल्या साडीत. त्याला ते पटलं, ह्यावरून त्या इमारतीच्या पाण्याचे काय हाल असतील ते समजा.

चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर आम्ही गेलो, मागून संशयानं रखवालदार. आणि तो होता. तांबूस आभाळात खाली ठळक डोकं आणि वर निमुळती, सरळ, लांब शेपटी. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी "अगं बाई" म्हणत कठड्याशी धावले. सरोजाक्कानं द्विनेत्री रखवालदाराच्या हातात दिली. "काय दिसतंय?" "झाडू," तो म्हणाला. "झाडू, झाडू," म्हणत ती त्या गच्चीवर नाचायला लागली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, टाकीच्या पाइपांवरून उड्या मारत. रखवालदारानं फोन करून खालच्या दोघांना बोलावलं. उजाडेपर्यंत आम्ही पाचजण तिथं होतो आणि पाण्याच्या टाकीचा विषय कुणी काढला नाही.

परत आलो तर इंदिराबाई दारात रांगोळी घालत होत्या. "दिसलं शेंडेनक्षत्र?" त्यांनीच विचारलं. "शेपटी केवढी?" सरोजाक्कानं दोन्ही हात पसरले. मला वाटलं, ही बाई आता पुढच्या ग्रहणाला नक्की बाहेर येणार.

नाही आली. गेल्या सप्टेंबरात चंद्रग्रहण झालं, खग्रास. दार बंद, फटीत टॉवेल. त्यात आभाळ भरलेलं. चार चहा झाले, ढग तसाच. सरोजाक्का खाली गेली. मी किटली घेऊन तिच्यामागून जिन्यात आले आणि थबकले. ती खिडकीशी उभी होती. दर ग्रहणाला ती तिथून पाव गेला, अर्धा गेला सांगायची. त्या रात्री सांगण्यासारखं वर काही दिसतच नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "त्या दिवशी हाक मी मारली होती. तू माझं नाव घेतलं नाहीस. आता घे. मला वाट्टेल त्या शिव्या दे, पण बाहेर ये."

दार उघडलं नाही. बराच वेळ उभी राहून ती तिच्या खोलीत गेली. मी किटली घेऊन तशीच वर आले. त्यानंतर पाच-सहा महिने तिनं ग्रहणाचं नाव काढलं नाही, आणि गच्चीवर आली तरी वही आणायची नाही. मला ती शांतता सोसेना.

आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, दोघी दारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या असताना, मी पायरीवर चहा पीत होते तेव्हा, इंदिराबाई म्हणाल्या, "पुढच्या पौर्णिमेला ग्रहण आहे. पंचांगात ग्रस्तोदित लिहिलंय."

"हं," सरोजाक्का मान वर न करता म्हणाली. "चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला. संध्याकाळी. अर्ध्या तासाच्या आत सुटेल."

"गच्चीवरनं दिसेल?"

"इथनं कसलं दिसतंय, इमारती आहेत. पूर्वेला सगळं मोकळं पाहिजे. होसकोटेच्या तलावावरनं दिसेल."

"मी येते," इंदिराबाई म्हणाल्या.

सरोजाक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पुढचे दिवस लग्नघर परवडलं. सरोजाक्का दोनदा बसनं होसकोटेला जाऊन तलावाचा बांध बघून आली. होकायंत्र, पाट, इंदिराबाईंसाठी पाठ टेकायची खुर्ची. आणि रस्ता माझ्याकडे, कारण बेळ्ळंदूरची कोंडी कुठं तुंबते आणि कुठं फुटते ह्या विषयात बंगळुरूत माझा हात धरणारा कुणी नसेल. सहा वर्षांच्या यातना शेवटी कामी आल्या.

होळीची पौर्णिमा. मी रजा टाकली. साडेतीनला माझ्या गाडीतून निघालो. इंदिराबाई मागं, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, मांडीवर हात जुळवून. शेजारी सरोजाक्का, तिच्या मांडीवर करंडा. सिल्क बोर्डच्या चौकात पाऊण तास. बेळ्ळंदूरला पाण्याचा टँकर आडवा. मी ज्या काही पुणेरी शिव्या राखून ठेवल्या होत्या त्या सगळ्या तिथं संपवल्या. सरोजाक्का दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायची आणि म्हणायची, "सरी, सरी, वेळ आहे." कृष्णराजपुरमचा पूल ओलांडला तेव्हा सहाला दहा कमी होते. तलावावर पोचलो तेव्हा मागं सूर्य टेकत होता.

पाणी, पलीकडे लव्हाळी, वर धूसर आभाळ. सरोजाक्कानं पाच मिनिटांत दुर्बीण उभी केली. चंद्र उगवायची वेळ झाली आणि चंद्र दिसेना. पाच मिनिटं. दहा मिनिटं. धुरकट पट्टा होता क्षितिजावर, आणि मी मनात सगळ्या देवांना वेठीला धरलं. मग त्या पट्ट्यातून तांबूस काहीतरी वर सरकलं. चंद्र. आणि त्याच्या वरच्या डाव्या कडेला, कुणी घास घेतल्यासारखी, काळसर खाच.

"अक्का, आला," सरोजाक्का ओरडली. "बाहेर ये. सात-आठ मिनिटं आहेत."

इंदिराबाई गाडीतून उतरल्या. चार पावलं आल्या आणि उभ्या राहिल्या, पण पश्चिमेकडे तोंड करून, चंद्राकडे पाठ.

"अक्का, वळ. काही होत नाही. भिऊ नकोस, मी आहे."

"मी भीत नाही सरू," इंदिराबाई म्हणाल्या. "कधीच भ्यायले नव्हते."

"मग आत का बसतेस?"

"त्याच्यासाठी बसते."

सरोजाक्का दुर्बिणीपासून बाजूला झाली.

"त्याचं काहीच नाही कुणी केलं," इंदिराबाई म्हणाल्या. "नाव नाही, फोटो नाही, वर्षश्राद्ध नाही. सासूबाई म्हणाल्या, झालंच नाही असं समज, नाव काढू नकोस. मग मी त्याला बघू कधी? सगळं घर कामाला लागलेलं, हे असायचे, माणसं असायची. ग्रहण आलं की मात्र दार लावलं तरी कुणी विचारत नाही, जेवली का नाहीस विचारत नाही, डोळे का लाल विचारत नाही. तेवढा वेळ त्याचा. तू बाहेरनं ओरडायचीस, पाव गेला, अर्धा गेला. मी आत त्याच्यापाशी."

"मला वाटलं, माझ्यामुळे," सरोजाक्काचा आवाज फुटला. "मी हाक मारली म्हणून..."

"वेडी आहेस का? तू हाक मारलीस म्हणून मी आले. अंगभर कोरी पडल्या, मी हसत सुटले, आणि तो आत लाथा मारायला लागला. इतक्या, की मला उभं राहवेना. माझ्याजवळ त्याची तेवढीच दहा मिनिटं आहेत गं. ती तुझीच आहेत. सप्टेंबरात खिडकीशी तू ते काय बोललीस, तेव्हा मला कळलं तू काय डोक्यात घेऊन बसलीयस. म्हणून आले आज. चंद्रासाठी नाही आले."

सरोजाक्का बांधावर मटकन खाली बसली. ग्रहण सुटायला अजून चार मिनिटं होती आणि ग्रहणाचं एक मिनिट न सोडणारी ती बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडत होती. इंदिराबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्याशेजारी बसल्या. मी लांब, गाडीशी. माझेही डोळे वाहत होते, कशाला खोटं सांगू.

"कुणासारखा होता?" डोळे पुसत सरोजाक्कानं विचारलं.

"बोटं तुझी होती. लांब लांब."

"कधी झाला? तिथी?"

"चैत्र वद्य पंचमी."

"मग तिथी आहे की त्याला."

"आहे ना," इंदिराबाई म्हणाल्या. "कुणी विचारली?"

चंद्र पूर्ण गोल झाला होता. मी पाण्याची बाटली नेऊन दिली, सरोजाक्कानं झाकण उघडलं आणि इंदिराबाई घटाघटा प्यायल्या. दुर्बिणीला डोळा कुणीच लावला नाही. मीच ती उतरवून गाडीत ठेवली.

पुढं महिनाभरात माझी पुण्याला बदली झाली. टेम्पो नेमका चैत्र वद्य पंचमीला मिळाला, सकाळी आठचा. खाली शेवयांच्या पायसाचा वास सुटलेला. इंदिराबाई फाटकात पातेलं घेऊन उभ्या होत्या आणि येईल-जाईल त्याला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, माझ्या हमालांना कधी कानडीत, कधी मराठीत सांगत होत्या, "आज माझ्या थोरल्याची तिथी आहे, घ्या." कर्नलसाहेब चक्रावले. तीस वर्षं शेजारी, त्यांना एकच मुलगा ठाऊक. "थोरला?" त्यांनी विचारलं. "हो," इंदिराबाई म्हणाल्या. "आज सेहेचाळीस वर्षांचा असता." कर्नलसाहेबांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली.

सरोजाक्का पळत होती, आतून बाहेर, बाहेरून आत. पश्चिमेला पाण्याच्या टाकीवर अजून फिकट चंद्र होता. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिला काहीतरी दाखवायला गेले. "अक्का, चंद्र अजून आहे बघ वर."

"असू दे," ती म्हणाली. "वाट्या कमी पडल्यात. तुझ्या सामानातल्या चार दे."

मी टेम्पोवाल्याला थांबवून बांधलेला खोका सोडला आणि चार वाट्या काढून तिला दिल्या. त्या तिथंच राहिल्या.